एका रात्रीचा मुक्काम



दसरा झाला, मोळी टाकायचा दिवस जवळ आला, की आपल्या भागात ऊसतोडणीच्या टोळ्या येऊ लागतात. लांबून आलेली ही माणसं गाडी थांबताच आधी काय बघतात? पाणी कुठं आहे, सावली कुठं आहे आणि वारा कुठून येतो. मगच कोपी उभी राहते. मुक्कामाची जागा धड असली तरच पुढचं काम नीट होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

साधारण ह्याच दिवसांत, थोडे आधी म्हणा, सातासमुद्रापलीकडे उत्तर अमेरिकेत एक निराळीच टोळी वाटेला लागलेली असते. ती माणसांची नाही, फुलपाखरांची. रोज संध्याकाळी ती कुठल्या ना कुठल्या शेतकऱ्याच्या बांधावर मुक्कामाला उतरते. ह्या अंकातला अभ्यास-लेख तिच्यावर आहे. आपण म्हणाल, उसाच्या पत्रिकेत फुलपाखरू कशाला? आमचे म्हणणे एवढेच, की लेख शेवटपर्यंत वाचावा. त्यात बांध आहे, तण आहे, तणनाशक आहे आणि सामायिक मालकीची जमीनही आहे. हे सगळे आपल्याच ओळखीचे विषय आहेत.

पाहुणा कोण?

ह्या फुलपाखराचे नाव मोनार्क, म्हणजे राजा. रंग नारिंगी, त्यावर काळ्या शिरा आणि काळ्या काठावर पांढरे ठिपके. पंख पसरले तर चार बोटे रुंद, सुमारे दहा सेंटिमीटर. वजन मात्र जेमतेम अर्धा ग्रॅम.

मोनार्कची अळी एकाच जातीच्या झाडावर वाढते. त्याला तिकडे मिल्कवीड म्हणतात, म्हणजे दुधाचे तण. पान मोडले की पांढरा चीक येतो, शेंग फुटली की रेशमासारखा कापूस उडतो. वर्णन ऐकून आपल्याला आपली रुई आठवली असेल. ते बरोबरच आहे, कारण मिल्कवीड आणि रुई एकाच कुळातल्या. ह्या चिकात कडू विष असते. अळी ते खाऊन पचवते आणि अंगात साठवून ठेवते. १९६० च्या दशकात लिंकन ब्रॉवर ह्या शास्त्रज्ञाने ब्लू जे नावाच्या पक्ष्यांना ही फुलपाखरे खायला घालून पाहिली. पक्ष्याने खाल्ले, ओकून टाकले आणि पुन्हा त्या रंगाला चोच लावली नाही.

आजोबांच्या गावी जाणारा पणतू

उन्हाळ्यातला मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतो. अंडी घालतो आणि संपतो. पण उन्हाळ्याच्या अखेरीस, दिवस लहान आणि रात्री गार होऊ लागल्या की जी पिढी जन्मते तिची तऱ्हाच वेगळी. ती लगेच अंडी घालत नाही. आठ-नऊ महिने जगते आणि कॅनडापासून, अमेरिकेच्या उत्तर भागापासून निघून थेट मेक्सिकोच्या डोंगरापर्यंत जाते. काहींचा प्रवास चार हजार किलोमीटरच्या वर भरतो. तिथे थंडी काढायची, मार्चमध्ये परत उत्तरेकडे निघायचे, टेक्ससच्या बाजूला मिल्कवीडवर अंडी घालायची आणि मरायचे. पुढची वाट तिची मुले, नातवंडे चालतात.

म्हणजे बघा, पुढच्या साली मेक्सिकोला जाणारे फुलपाखरू हे आदल्या साली गेलेल्याचे नातू नाहीतर पणतू असते. त्याला वाट दाखवायला कुणी थोरले माणूस नसते. सूर्याच्या जागेवरून ते दिशा ओळखते. पण सूर्य तर दिवसभर सरकत असतो. म्हणून किती वाजले हेही त्याला कळावे लागते. ते घड्याळ त्याच्या मिशांमध्ये असते, असे २००९ साली शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले.

ह्या प्रवासाचे इंधन म्हणजे साखर. वाटेतल्या फुलांतला मध, म्हणजे साखरेचे पाणी, ते पिते आणि त्याची चरबी करून पोटात साठवते. मेक्सिकोत थंडीचे चार-पाच महिने काढायचे ते मुख्यतः ह्या साठ्यावर. आपला साखरेचा धंदा, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

कॅन्ससमधली एक संध्याकाळ

आता मुक्काम कसा पडतो ते पाहू. अमेरिकेच्या मध्यावर कॅन्सस नावाचे राज्य आहे. गव्हासाठी ते प्रसिद्ध आहेच, पण त्या देशात सर्वांत जास्त जोंधळा पिकतो तोही तिथेच. सप्टेंबरचा तिसरा आठवडा धरा. मक्याची काढणी चालू आहे, जोंधळ्याची कणसे तांबूस झाली आहेत, कुठे गव्हाच्या पेरणीची तयारी आहे. नजर पोचेल तिथवर सपाट रान. वारा असा, की उभ्या माणसाची टोपी राहायची नाही.

अशा रानात झाडे कमीच. जी आहेत ती शेताच्या कडेने रांगेत लावलेली. ह्या रांगांचाही इतिहास आहे. १९३० नंतर तिकडे मोठा दुष्काळ पडला, नांगरलेली माती वाऱ्याने उडाली, धुळीच्या वादळांनी गावे ओस पडली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३४ ते १९४२ ह्या काळात नॉर्थ डकोटापासून टेक्ससपर्यंत वारा अडवणाऱ्या झाडांचे पट्टे लावले. शेतकऱ्यांच्याच जमिनीवर सुमारे २२ कोटी झाडे लागली. हेतू एकच होता, माती धरून ठेवणे. फुलपाखरांचा विचार कुणाच्या मनात नव्हता. पण त्या सपाट मुलखात मोनार्कला आडोसा मिळतो तो अशाच झाडांचा.

दिवस कलायला लागला, की आधी एक-दोन फुलपाखरे झाडाभोवती घिरट्या घालतात. मग दहा, मग पन्नास. वाऱ्याच्या आडोशाची बाजू धरून ती फांदीवर उतरतात. नवीन कुणी शेजारी येऊन बसले, की आधीची पंख फडकन उघडतात आणि पुन्हा मिटतात. सूर्य बुडेपर्यंत हालचाल थांबते. मिटलेल्या पंखांची खालची बाजू फिकट असते. त्यामुळे ज्याला ठाऊक नाही तो माणूस झाडाखालून जाईल आणि म्हणेल, ही फांदी वाळलेली दिसते! ती वाळलेली पाने नसतात, शेकडो पाहुणे असतात. कधी पाच-पंचवीस, तर कधी हजारावर.

पक्षी थव्याने उडतात. मोनार्कचे तसे नाही. दिवसा प्रत्येक जण आपापला एकटा उडतो. एकत्र येतात ती फक्त रात्री. अंगात स्वतःची ऊब नाही, म्हणून हवा साधारण तेरा अंशांच्या खाली गेली की उडता येत नाही. सकाळी ऊन पडले की ती पंख उघडून शेकतात, थरथरवून अंग तापवतात आणि एकेक करून निघतात. उत्तरेचा वारा असेल तर फारच बरे, पाठीमागून ढकलत नेतो. दक्षिणेचा वारा असेल किंवा पाऊस असेल तर मुक्काम वाढतो. एरवी एक-दोन रात्रींतच झाड रिकामे.

निरीक्षण कसे करतात?

मोनार्क कधी आला, किती आले, कुठल्या झाडावर बसले ही माहिती तिकडे बरीचशी शेतकरी, शाळकरी मुले आणि हौशी माणसेच गोळा करतात. हजारो मैलांच्या वाटेवर रोज संध्याकाळी हजर राहणे कुठल्याही एका विद्यापीठाला शक्य नाही. त्यांची रीत सोपी आहे, आणि बांधावरच्या कुठल्याही निरीक्षणाला लागू पडेल अशी आहे.

१) वेळ : सूर्य बुडण्याआधीचा तास-दीड तास. पुन्हा दुसऱ्या दिवशी ऊन तापण्याआधी.

२) जागा : वाऱ्याच्या आडोशाची बाजू. जवळपास फुले आणि ओल आहे का, तेही बघायचे.

३) मोजणी : सगळी मोजत बसायचे नाही. एका फांदीवरची नीट मोजायची आणि तशा किती फांद्या भरल्या आहेत त्याने गुणायचे. आपण फडात थोड्या सरीतले ऊस मोजून एकरी टनाचा अंदाज काढतो, त्यातलाच हा प्रकार.

४) नोंद : तारीख, झाडाची जात, वाऱ्याची दिशा, हवा गार की उबदार, अंदाजे संख्या. सकाळी किती वाजता उडाली तेही. एकही आले नाही, तर तशीही नोंद करायची. तिलाही तेवढीच किंमत असते.

५) पथ्य : फांदी हलवायची नाही, बॅटरीचा झोत टाकायचा नाही. थंडीने गारठलेले फुलपाखरू खाली पडले तर त्याला उडता येत नाही, आणि मुंग्या-उंदरांना ते आयतेच सापडते.

शेवटचा मुक्काम सापडला तो असा

ही फुलपाखरे हिवाळ्यात जातात कुठे, हे फार वर्षे शास्त्रज्ञांना माहीत नव्हते. कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाचे फ्रेड अर्क्वहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी पंखांवर लहानशा चिठ्ठ्या चिकटवून शोध सुरू केला. १९५२ मध्ये त्यांनी लोकांना मदतीची हाक दिली. शेकडो लोक आपापल्या अंगणात, शेतात चिठ्ठ्या चिकटवू लागले. अखेर २ जानेवारी १९७५ रोजी केन ब्रुगर आणि कॅटालिना अग्वादो ह्या त्यांच्या दोघा मदतनिसांना मेक्सिकोच्या मिचोआकान भागातील डोंगरावर, सुमारे तीन हजार मीटर उंचीवर, कोट्यवधी मोनार्क ओयामेल नावाच्या झाडांना लगडलेले दिसले. पुढच्या वर्षी जानेवारीत अर्क्वहार्ट स्वतः तिथे गेले. त्या गर्दीत त्यांना चिठ्ठीचे एक फुलपाखरू सापडले. ते अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एक शिक्षक आणि दोन शाळकरी मुले यांनी ऑगस्ट १९७५ मध्ये सोडलेले होते. प्राध्यापकांच्या चाळीस वर्षांच्या खटपटीला पुरावा मिळाला तो शाळेतल्या पोरांच्या हातचा!

एक गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे. तिथल्या डोंगरातल्या गावकऱ्यांना ही फुलपाखरे पिढ्यान् पिढ्या माहीत होती. ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला, त्यांच्याकडे पितरांचा सण असतो त्याच दिवसांत येतात. म्हणून आपले पूर्वजच घरी आले, अशी त्यांची श्रद्धा. आपण पितृपक्षात कावळ्याला पान वाढतो, त्यातलीच ही भावना. फक्त त्यांना कधी कुणी विचारायला गेले नव्हते.

पाहुणे कमी का झाले?

मेक्सिकोत दर हिवाळ्यात फुलपाखरांनी किती जागा व्यापली ते मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ती १८ हेक्टरांवर होती, म्हणजे आपल्या हिशेबाने ४५ एकर. २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टर, म्हणजे १ एकर २६ गुंठे! मध्ये काही साली वाढली, पण २०२३-२४ मध्ये पुन्हा सव्वादोन एकरांवर आली आणि २०२४-२५ मध्ये साडेचार एकरांच्या आसपास गेली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने मोनार्कला कायद्याचे संरक्षण द्यावे असा प्रस्ताव मांडला.

कारण एक नाही. मेक्सिकोतली चोरटी लाकूडतोड आहे, दुष्काळ आणि बिघडलेले हवामान आहे, कीटकनाशके आहेत. पण शेतकऱ्याच्या रानात घडलेले कारण आपण नीट समजून घेऊ.

पूर्वी तिकडच्या मका-सोयाबीनमध्ये कोळपणी करूनसुद्धा थोडे मिल्कवीड शिल्लक राहायचे. त्याची मुळे खोल, ते पुन्हा फुटायचे. १९९६ पासून ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे सोयाबीन आले, मागोमाग तसाच मका आला. मग उभ्या पिकात फवारा मारला, की पीक तेवढे राहते आणि बाकी रान साफ. १९९९ ते २०१० ह्या काळात तिथल्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यातले मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटले, असा अंदाज प्लेझंट्स आणि ओबरहाउसर ह्या दोन अभ्यासकांनी मांडला. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पडीक जागेतल्या मिल्कवीडपेक्षा शेतातल्या मिल्कवीडवर मोनार्क कितीतरी जास्त अंडी घालत असे. म्हणजे गेले ते नेमके उपयोगाचे तण गेले.

सगळ्याच शास्त्रज्ञांना हे कारण पुरेसे वाटत नाही. काही जण म्हणतात, उन्हाळ्यात संख्या बरी दिसते, खरी गळती होते ती शरदातल्या वाटेवर. वाटेवरची फुले कमी झाली, मुक्कामाची झाडे कमी झाली. मोठ्या यंत्रांना आणि गोल फिरणाऱ्या पाण्याच्या यंत्रणेला अडचण होते म्हणून दुष्काळानंतर लावलेले झाडांचे पट्टे अनेक ठिकाणी काढले गेले, हे खरेच आहे.

आता ह्यात त्या शेतकऱ्याला दोष द्यावा का? आम्हाला तसे वाटत नाही. मजूर मिळत नाही, कर्ज फेडायचे आहे, तण राहिले तर उतारा घटतो. त्याने जे केले ते आपणही केले असते, आणि करतोच. कुणी एकाने मोनार्क संपवायचा असे ठरवले नव्हते. प्रत्येकाने आपापला बांध तेवढा साफ केला. पण सगळ्यांनीच केला, तेव्हा चार हजार किलोमीटरच्या वाटेवर उतरायला जागा राहिली नाही.

मग तिकडे काय करतात?

आयोवा राज्यातल्या विद्यापीठाने २००७ पासून उतारावरच्या शेतात एक प्रयोग चालवला. शेताचा दहावा हिस्सा पट्ट्यापट्ट्यांनी रानगवत आणि रानफुलांना सोडला. शेतातून वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाली. फुलपाखरे-मधमाश्या आल्या त्या वेगळ्याच. पुढे सरकारच्या जमीन-संवर्धन योजनेत अशा पट्ट्यांना पैसे मिळू लागले. शेतकऱ्याने हे केले ते मुख्यतः मातीसाठी, आणि त्यात काही वावगे नाही. ज्यात शेतकऱ्याचा फायदा आहे तेच टिकते.

दुसरी गोष्ट कापणीच्या वेळेची. रस्त्याकडेचे आणि बांधाचे गवत मोनार्क येण्याच्या दिवसांत कापायचे नाही, फुले संपल्यावर कापायचे. ह्याला पैसा लागत नाही, फक्त तारीख बदलावी लागते.

मेक्सिकोतही धडा आहे. फुलपाखरांचे डोंगर बरेचसे 'एहिदो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सामायिक जमिनींत येतात. सभासदांची सभा भरते, निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा. आपल्या सहकाराशी त्याचे नाते आहे. १९८६ मध्ये सरकारने तोडीवर बंधने घातली, पण लाकूड हेच पोट असलेल्या माणसाने खायचे काय, ह्याचे उत्तर दिले नाही. म्हणून चोरून तोड चालूच राहिली. २००० साली राखीव क्षेत्र ५६ हजार हेक्टरांचे झाले, तेव्हा एक निधी उभारून तोड थांबवल्याबद्दल सभासदांना मोबदला द्यायला सुरुवात झाली. पुष्कळ भागातली तोड त्यानंतर आटोक्यात आली. नुसत्या हुकमाने रान राखले जात नाही, हे त्यातून दिसले.

आणि आपला बांध?

मोनार्क आपल्याकडे येत नाही. पण त्याचा सख्खा भाऊबंद आपल्या बांधावर आहे. त्याला इंग्रजीत प्लेन टायगर आणि मराठीत बिबळ्या कडवा म्हणतात. रंग तसाच नारिंगी, पंखांच्या टोकाला काळे-पांढरे. त्याची अळी आपल्या रुईवर वाढते. काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. (मोनार्कच्या अळीला दोनच जोड्या असतात.) शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करताना ही अळी आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल आणि कीड म्हणून झटकली असेल. तिचा उसाला काडीचा उपद्रव नाही. ती उसाला तोंडच लावत नाही.

ह्याच कुळातली निळसर आणि काळपट फुलपाखरे दक्षिण भारतात पावसाच्या आगेमागे पूर्वेकडचा मुलूख आणि सह्याद्री ह्यांच्या दरम्यान मोठ्या संख्येने ये-जा करतात. वाटेत ती खुळखुळ्याच्या झुडपांवर झुंबड करतात. खुळखुळा म्हणजे आपल्या तागाचा जातभाई. तेव्हा मुक्काम मागणारे पाहुणे आपल्याही दारावरून जातात. आपण वर बघत नाही एवढेच.

तणनाशक वापरू नका असे आम्ही सांगत नाही. उसाच्या सरीतले तण काढलेच पाहिजे. पण बांधाच्या कडेची रुई, ओढ्याकाठचा खुळखुळा, विहिरीजवळची चार झाडे, ही कुठे उसाच्या आड येतात? फवारणीचा पंप पाठीवर आहे म्हणून तिकडेही हात वळवायचा, एवढे टाळले तरी पुष्कळ झाले.

ह्या हंगामात एक करून पाहा. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एक वही द्या. बांधावर रुई किती, तिच्यावर पट्ट्यांची अळी दिसली का, कुठल्या तारखेला दिसली, संध्याकाळी कुठल्या झाडावर फुलपाखरे टेकतात, एवढेच लिहायला सांगा. ती वही आपल्या गटाच्या स्लिपबॉयकडे किंवा शेतकी विभागाकडे पोचती करा. आलेल्या नोंदी आम्ही गटवार एकत्र करून पुढच्या एखाद्या अंकात देऊ. मिनेसोटातल्या त्या दोन मुलांनीही एवढेच काम केले होते.